गोड हाक

आमचे वडील खेकसले की गोठ्यातले बैलही कान टवकारत. आम्ही भावंडं त्यांना टरकून असायचो, आणि तासाभरानं त्यांच्याच अंगाखांद्यावर. शेजारच्या घरचा बाप मात्र कधी मोठ्यानं बोलायचा नाही. बोरी अरबच्या बाजारातून येताना गल्लीतल्या पोरांना रेवड्या वाटायचा. त्याची हाक आली की त्याची सात वर्षांची मुलगी तोंडातला घास चावायचीही थांबायची. पोरगी किती वळणाची, असं गल्लीभर कौतुक! मला तर तिचा हेवाच वाटायचा, रेवड्यांपायी.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. कापसाची वेचणी संपत आली होती आणि आमची पुढली खोली आढ्यापर्यंत भरली होती. कापसात उड्या मारायला बंदी होती, म्हणून शेजारची ती आणि मी, आम्ही दोघी दुपारी तेच करत होतो. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "बेटा, चाल घरी." गोड हाक. ती ढिगात शिरली. आधी पाय, मग कंबर, मग डोकं. वरून कापूस मिटला.

कापसात तोंड गेलं की जीव गुदमरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती आत्ता निघेल, आत्ता निघेल म्हणून मी बघत राहिले. कापूस हलेना. माय आत आली, तिनं माझं तोंड पाहिलं आणि मी बोट दाखवलं तिथं हात खुपसला.

हाताला पोरगी लागली. मायनं ओढलं, तर ती आणखी आत सरकली. मायचा चेहरा खर्रकन उतरला. मार चुकवायला लेकरू पळतं, लपतं, भोकाड पसरतं. हे लेकरू जीव सोडायला तयार होतं, बाहेर यायला नाही. मायनं तिला दोन्ही हातांनी उपसून काढलं. ओठ निळे पडलेले, नाकात कापूस. फ्रॉक वर सरकला होता आणि पाठीवर जुने-नवे वळ होते, फ्रॉकनं झाकेल तेवढ्याच जागेत.

"वहिनी, पोरगी हाय का?" तिचा बाप ओसरीवर आला होता. सोबत गल्लीतले एक म्हातारे होते, सगळे त्यांचा शब्द मानत.

माय दारात हात आडवा लावून उभी राहिली. "आज ते इथंच राहीन, भाऊ."

"काहून?" तो हसला.

"जाऊ दे ना वं बाई, बापाची लेक हाय," म्हातारे म्हणाले.

त्यानं हात पुढे केला. "ये बेटा." आणि ती उठली. न रडता, मायच्या हाताखालून वाकून त्याच्याकडे चालू लागली.

"आली ना गपचूप बापाजवळ," म्हातारे समाधानानं म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. सारवलेल्या जमिनीवर तिच्या पावलांमागे ओल उमटत होती. फ्रॉकखालून धार लागली होती आणि ती तशीच चालत होती. म्हाताऱ्यांनी काठी मधे आडवी धरली.

"तू जाय घरी," ते त्याला म्हणाले. "हिच्या मामाले बोलावणं धाडतो मी."

तो गेला. ती तिथंच खाली बसली आणि आपल्या फ्रॉकनं जमीन पुसू लागली. माय जवळ गेली, तसे तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"मी पुसून टाकीन," ती म्हणाली. "मले मारू नका."