धुतलेला रुमाल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांचे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. सर दोनदा घरी येऊन वडिलांशी बोलले, म्हणून मी बीएस्सीला गेलो, पुढे शिकलो, आणि इराकमधलं युद्ध चालू होतं त्या वर्षांत अमेरिकेतल्या चँडलर गावी कॉम्प्युटर चिपच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या कामावर होतो.

तिथे ॲसिडची पिंपं हाताळणारा एक कुर्द होता. तो मला 'काका' म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला काका म्हणतात. मी त्याच्याहून लहान आहे असं सांगितलं, तर म्हणाला, "शिकलेला माणूस थोरलाच."

त्याचा धाकटा भाऊ इराकच्या सरहद्दीवरच्या डोंगरात शेजारच्या देशाच्या लष्कराशी लढणाऱ्यांबरोबर गेला आणि एका गुहेत मेला. अंगावर जखम नव्हती. सोबत्यांचं म्हणणं, लष्कराने विषारी वायू सोडला. लष्कराचं म्हणणं, असं काही झालंच नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने पिशवीतून भावाचा गळ्यातला रुमाल काढला. आईने नातेवाइकाबरोबर पाठवला होता. तू केमिस्ट आहेस, वायू होता एवढं सहीनिशी लिहून दे, वकिलाला दाखवतो, असं तो म्हणाला.

रुमालाला साबणाचा आणि गुलाबपाण्याचा वास येत होता. घडीला इस्त्री होती.

"हा धुतलाय का?"

"मग? आपल्या पोराचा कपडा आई मळका पाठवेल परमुलखात?"

आमची यंत्रं फक्त पाण्यातले क्षार मोजतात, या तपासणीला वेगळी प्रयोगशाळा लागते, आणि धुतल्यावर तिथेही काही सापडेलच असं नाही, हे मी त्याला समजावलं.

"तुझं नाव, डिग्री आणि एक ओळ. खोटं थोडंच आहे, काका?"

मलाही ते खोटं वाटत नव्हतं. तरी मी लिहिलं की रुमाल सुती आहे, धुतलेला आहे, आणि त्यावरून वायू होता की नव्हता हे मला सांगता येत नाही. खाली सही केली. त्याने वाचलं.

"लष्कराला आवडेल हे," म्हणाला, आणि रुमाल घेऊन उठला. कागद तिथेच राहिला.

त्या शनिवारी मी सरांना पत्र लिहिलं.

"सर, नमस्कार. इथे घडलं ते सगळं सोबतच्या पानावर लिहिलं आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला कोणता क्षार येणार ते आधीच्या बॅचकडून कळायचं. आम्ही अनुमान आधी लिहायचो, निरीक्षणं मागून भरायचो. तुम्ही माझं जर्नल परत केलंत आणि म्हणालात, दिसलं तेवढंच लिही. मी तेच केलं. पण तेव्हा समोर परीक्षानळी होती, इथे माणूस होता. त्याच्या भावाबद्दल तो सांगतो ते मला खरं वाटतं, आणि हे मी त्याला बोललोच नाही. तुमचं उत्तर यायला तीन आठवडे लागतील, तोवर थांबवत नाही. सोमवारी त्याला वेगळ्या कागदावर लिहून देणार आहे की माझा तुझ्यावर विश्वास आहे. खाली नाव घालीन, डिग्री घालणार नाही. चुकत असेन तर कळवा."