केसभर घट्ट

फक्रूचाचांच्या डब्याचं झाकण पहिल्या झटक्यात निघालं, तर तो डबा दुसऱ्या कुणाचा तरी समजावा. आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हाताला कसब मात्र असं की पत्रा कापडासारखा वळायचा. पितळेला चाचा जावई म्हणत, "ठोकंल तेवढा चमकतोय!" आणि अ‍ॅल्युमिनियमला सून, "जरा दाबलं की तोंड वाकडं!" सांध्याला डाख द्यायचा, पाणी भरून थेंब गळतोय का बघायचं, आणि सगळ्यात शेवटी झाकण. ते मुद्दाम केसभर घट्ट ठेवायचं.

मेहमुदाचाची गेल्यापासूनची ही खोड. पोरगा रिजवान सौदीत. दुकानामागच्या खोलीत राहणारे दोघंच, चाचा आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यात बोलणारं फक्त घड्याळ. पण झाकण घट्ट असलं की गिऱ्हाईक परत येतं. "चाचा, झाकण निघंना की वो!" मग चाचा त्याला पालथ्या डब्यावर बसवणार, चहा सांगणार आणि कानस इतकी सावकाश फिरवणार, की पाहुण्याच्या घरातलं शेवटचं भांडणसुद्धा ऐकून व्हावं. सगळ्या गल्लीला हा खेळ कळला होता, पण बोलून दाखवायचं नाही असा रिवाज. शेजारची आक्का तर चांगलं निघणारं झाकणही घेऊन जायची, वर दम भरायची, "फसिवतासा व्हय आमास्नी?"

घोळ झाला तो आक्काच्या सुनेमुळे. स्वप्नाली गगनबावड्याकडची, नवी नवरी. आक्का लेकीच्या बाळंतपणाला बिद्रीला गेली आणि सुनेला हा रिवाज सांगायचा राहिला. स्वप्नालीनं पिठाचा डबा नेला, तो नेलाच. चाचांनी नव्या माणसासाठी बिस्किटांचा पुडा आणून ठेवलेला. पुडा सादळला, तरी ती फिरकेना. शेवटी टोपी झटकून चाचाच तिच्या दारात उभे.

"पोरी, झाकण घट्ट आलंय न्हवं?"

"आलतं की. ह्यांनी पान्ह्यानं ठोकून सैल केलं. आता एका बोटानं निघतंय!"

चाचांचा चेहरा उतरला. "तळ गळतोय का?"

"न्हाय वो."

"कड लागती हाताला?"

"काय बी तक्रार न्हाय, चाचा. डबा लई झ्याक हाय."

कौतुकानं माणूस एवढा खचलेला कुणी पाहिला नसेल. चाचा वळले, पायऱ्या उतरले, तिथंच घुटमळले आणि पुन्हा वर चढले.

"मग... चहा तरी पाज की."

जन्मभर दुसऱ्याला पाजलेला चहा. मागितला तो आज.

"अगं बाई, बसा की!"

चाचा कट्ट्यावर बसले. घसा खाकरला. रिजवानपासून सुरुवात करायची की चाचीपासून, याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात स्वप्नाली आली. एका हातात कप, पायात चपला.

"मला ड्युटी हाय, चाचा. रिक्षा आली बघा. निवांत घ्या हां!"

कुलूप लागलं. रिक्षा गेली.

चहा फर्मास होता, आलं घातलेला. चाचांनी तो गार होईपर्यंत पुरवला. मग बाहेरच्या नळावर कप धुतला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा कट्ट्यावर येऊन बसले.

दुपार कलली तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यानं हटकलंच, "काय चाचा, आक्काच्या घराची राखण व्हय?"

"पोरीचा कप द्यायचा हाय," चाचा ताठ बसत म्हणाले. "ती आल्याबिगर कसा हलू?"