दस्तगीरभाईच्या कॅसेटीतला आमचा शेवटचा शो

आमच्या बँडनं बसवकल्याणात वाजवलेलं एकबी गाणं कुणाच्या ध्यानात न्हाई. पण शेवटच्या शोचे किस्से? चार जण चहाला बसले की एक नवा निघतोय! मी ड्रमवर; म्हणजे हलगीवरनं बढती. बसू गिटारवर. त्याच्या अप्पांचं आडतीचं दुकान. अप्पांनी सांगून टाकलं, "केस काप, दुकानात बस." बसू तयार झाला, पण एक हट्ट धरून. शेवटच्या शोची फिल्म काढायची आणि अप्पांना एकदा तरी दाखवायची. कारण अप्पा कधी शोला आलेच न्हाईत. त्यांच्या मते गिटार म्हणजे पत्र्यावरनं मांजर घसरल्याचा आवाज!

*

हुमनाबादहून व्हिडिओवाला आणला, दस्तगीरभाई. जन्मभर लग्नंच काढलेला माणूस. हा रॉक बँड हाय, हा निरोपाचा कार्यक्रम हाय, असं बसूनं घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं.

सगळं ऐकून भाई म्हणतोय, "समज गया. रडणार कोण, तेवढं आधी सांगा. क्यामेरा उधरच लगाता!"

*

लग्नात व्हिडिओची लाईट तोंडावर आली की माणूस हातातला घास थांबवून नीट बसतोय. आमची पब्लिक तसलीच! नाचणारी पोरं लाईट येताच भांग सारखा करून ताठ उभी. बसू माईकवर ओरडायलाय, "अरे, नाचा की!"

मग लाईट माझ्यावर आली. मीबी काडी वर धरून, हसून बसलो. गाणं बंद!

*

मला गप्प बसवंना. भाईच्या कानात सांगितलं, "पुढं पांढऱ्या सफारीत बसलेत ना, ते मंत्र्याचे मेव्हणे."

भाईनं अख्खं गाणं त्यांच्यावरच काढलं. तो होता जनरेटरवाला! क्यामेऱ्याकडं बघत असा ऐटीत बसला, की डिझेल संपत आलं तरी उठंना. झाला अंधार! त्या अंधारात बसू माझ्या नावानं जे ओरडला, ते लिहिता येत न्हाई.

*

डिझेल घातलं, लाईट आली. बसूनं डोळे मिटून शेवटचा सोलो धरला. बघतो तर भाई गायब! सोलोत ड्रमला काम न्हाई, म्हणून मी पळालो. भाई मिरची-भज्यांच्या गाड्यापाशी खाणाऱ्यांची तोंडं काढायलाय!

"भाई, बसू तिकडं हाय!"

"पंगत नहीं निकाले तो घरवाले कॅसेट वापस करतेत!"

ओढत आणला, तवा कुठं अर्धा सोलो सापडला.

*

महिन्यानं भाई कॅसेट घेऊन आला, अप्पांच्या घरी भाड्याचा व्हीसीआर लावला. अप्पा टीव्हीकडं पाठ करून सुपारी कातरायला बसले. कॅसेट चालू झाली आणि बसूचं तोंड उतरलं. पडद्यावर बसू लांब केस झटकत, घामाघूम होऊन गिटार वाजवायलाय, आणि आवाज सनईचा!

भाई खुशीत. "जनरेटर की आवाज भोत आरी थी. निकाल दिया. अपनी लग्नवाली सनई डाल दिया, शुरू से आखिर तक!"

बसू त्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात अडकित्ता थांबला. अप्पा वळले. हळूहळू टीव्हीजवळ सरकले. सोलो संपेस्तोवर तिथंच बसले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि केस कापून बसलेल्या बसूकडं बघितलं.

"एवढं गोड वाजवतोस व्हय रे? मग सोडलास कामून?"