शेपटी मागे असेल

वणीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरी करता करता मला जुनी जर्मन नाणी जमवण्याचा नाद लागला. जर्मनीत एकेकाळी आपल्या दोन-चार तालुक्यांएवढी संस्थानं होती आणि जो तो संस्थानिक आपल्या नावाचं नाणं पाडायचा. मला एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर मी जाणकार म्हणून मिरवत होतो.

नागपूरच्या प्रदर्शनातून मी असा एक थालर आणला. अर्धा तळहात झाकणारं चांदीचं नाणं. त्यावर दाढीवाला उघडाबंब रानमाणूस, हातात मुळासकट उपटलेलं झाड. चांदीवर शेकडो वर्षांची काळसर झाक होती. घरात मी फर्मान काढलं, की नाण्याला कोणी बोट लावायचं नाही.

तेव्हा सासूबाई बोरी अरबहून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून नाणं न्याहाळलं.

"हा त मारुती आहे, जवाईबापू."

"आई, तो जर्मन रानमाणूस आहे."

"मंग हातात झाड कायले?"

"बरं, शेपटी कुठे आहे?"

"मांगं असन. समोरून कशी दिसन?"

मी त्यांना जर्मनीचा इतिहास सांगायला बसलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि शनिवारी मी ड्युटीवर असताना नाण्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला.

घरी आलो तर रानमाणूस केशरी झालेला. सासूबाईंना काही बोलायची माझी हिंमत नव्हती. मी मुकाट्याने मोरीत बसलो आणि दंतमंजन घेऊन नाणं घासलं. चांगलं जोर लावून घासलं. शेंदूर गेला, काळसर झाकही गेली. नाणं नव्या स्टीलच्या वाटीसारखं चमकायला लागलं.

पुढे बायकोसोबत नागपूरला गेलो, तेव्हा ज्याच्याकडून घेतलं होतं त्या विक्रेत्याला ते दाखवलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि काळसर झाक गेल्याने किंमत अर्ध्यावर आल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "कोणी घासलं हे?"

"सासूबाईंनी," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. परतीच्या एसटीत वरोरा येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "आता आईले तुमीच सांगा."

सांगितलं. म्हटलं, नाणं मीच खराब केलं आणि नाव तुमचं घेतलं. त्या रागावल्या नाहीत. नाणं उन्हात धरून म्हणाल्या, "खराब कायचं? आता कुठं देव नीट दिसून राह्यला." जाताना त्यांनी ते मागितलं. मला नाही म्हणता आलं नाही.

बोरी अरबला त्यांच्या देव्हाऱ्यात ते आता आहे. गेल्या खेपेला मी गेलो तर शेजारच्या काकू मुद्दाम मला बघायला आल्या.

"तुमीच का हो जर्मनीहून मारुती आणणारे जवाई?"

"जर्मनीहून नाही, काकू. नागपूरहून."

"नागपूरहून?" त्यांचा चेहरा उतरला. "नागपूरले त माहा पोरगा दर हप्त्याले जाते."

आणि चहा न घेताच त्या उठल्या.