ह्यांच्या मोटारसायकलची फ्रेम

मी आयुष्यात एकदाच मोटारसायकल चालवली. अकरा पावलं, आणि तीही पायी.

लढाईची वर्षं होती. आमचे हे गुरांचे डॉक्टर. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या अंगाला आम्ही भाड्यानं राहायचो. घरात हे, मी आणि सासूबाई. पवनेच्या खोऱ्यातल्या गावांत फिरायला ह्यांनी बदली झालेल्या एका पाद्र्याकडून जुनी मोटारसायकल घेतली होती. ती सुरू करण्याचा सोहळा रोज सकाळी अंगणात व्हायचा आणि मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. आधी पेट्रोलची चावी, मग एक बारीकसं बटण दोनदा दाबायचं, मग हँडलवरची एक दांडी अलीकडे, दुसरी पलीकडे, आणि शेवटी लाथ. पुरणपोळीच्या कृतीसारखा तो क्रम मला पाठ झाला होता. (पोळी फाटली तर ती पोळपाटावरच राहते, एवढा फरक मात्र मी लक्षात घेतला नव्हता.)

एकदा ह्यांना सरकारी कामासाठी आठवडाभर पुण्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. चालवायची नव्हतीच. आपल्या हातून सुरू होते का, एवढंच बघायचं होतं. गाडी मागच्या स्टँडवर उभी होती, मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. मी पदर खोचला, मनातल्या मनात क्रम म्हटला, आणि तिसऱ्या लाथेला ती सुरू झाली. मॅट्रिक पास झाले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

मग लक्षात आलं, की गाडी सुरू होताना मी रोज बघितली होती, बंद होताना एकदाही नाही. संध्याकाळी हे परत यायचे तेव्हा मी कणीक मळत असायचे.

ती गिअरमध्ये होती हेही मला नंतर कळलं. मागचं चाक हवेत गरगरत होतं, सगळी गाडी थरथरत होती, आणि थरथरता थरथरता ती स्टँडवरून उतरली. हँडल माझ्या हातात होतं. सोडून द्यावं हे सुचलं नाही. नवऱ्याची वस्तू अशी कशी सोडायची? ती धावली म्हणून मीही धावले. अकराव्या पावलाला फणसाचं झाड आलं.

आवाजानं सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग झाडाकडे.

"फणसाला लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

फणसाला काही झालं नव्हतं. माझा गुडघा खरचटला होता. गाडीचं पुढचं चाक मात्र मागे सरकून इंजिनाला टेकलं होतं, आणि हँडलखालून इंजिनाकडे येणारी फ्रेमची जाड नळी वाकून तडकली होती. हे चार दिवसांनी येणार होते, आणि आल्या आल्या खोऱ्यात गुरांना घटसर्पाची लस टोचायला निघणार होते. गाडीशिवाय ते काम म्हणजे महिनाभराची पायपीट, आणि साथ काही महिनाभर थांबत नाही.

शेजारी रामभाऊ राहायचे. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. त्यांनी तडा बघितला आणि मान हलवली. "वहिनी, नवी फ्रेम घालावी लागेल. लोखंड एकदा वाकलं की त्याला आठवण राहते. सरळ केलं तरी पुन्हा तिथंच वाकणार."

"नवी कुठं मिळेल?"

"विलायतेत. पण सध्या बोटी बुडतायत."

म्हणून मी बाजारातून गफूरभाईंना बोलावलं. ते टांग्यांची कामं करायचे, घोड्यांना नाल मारायचे. गावातलं कुठलंही मोडलेलं लोखंड शेवटी त्यांच्याच भट्टीवर जायचं. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि का कोण जाणे, जरा दचकले. मग म्हणाले, "जोडून देतो."

"अहो, पण लोखंडाला आठवण राहते म्हणतात."

"भट्टीत घातलं की सगळं विसरतं, वहिनी."

झालं. दोघांची जुंपली. एक म्हणे बदला, दुसरा म्हणे जोडा, आणि मध्ये मी. माझी अवस्था खरं तर रडकुंडीची व्हायला हवी होती. पण फ्रेम आतून पोकळ असते हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि आता तो तडा नळीच्या भोवती कुठवर गेलाय हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. "वरचा रंग खरवडून बघू या का?" मी विचारलं.

"कशाला उगाच?" गफूरभाई घाईघाईनं म्हणाले.

तोवर मी नारळ सोलायची सुरी घेऊन बसलेही होते. काळा रंग निघाला आणि खाली पिवळीधमक रेघ दिसली. पितळेची, नळीला वेढा घालून गेलेली.

रामभाऊ खाली वाकले. "ही फ्रेम आधीच एकदा मोडलेली आहे," ते म्हणाले. "कुणीतरी पितळ ओतून जोडलीय. आणि आता त्या जोडाच्या शेजारीच फाटली. बघा, जोडकाम असंच असतं."

"शेजारी फाटली ना?" गफूरभाई उसळून म्हणाले. "जोड सुटला का? नाही सुटला. माझा जोड जागचा हललेला नाही."

"तुमचा?" मी विचारलं.

सासूबाई पायरीवरून उठून जवळ आल्या. मग गफूरभाईंनी सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी कार्ल्याच्या अलीकडे डॉक्टरसाहेब एका म्हशीला धडकले होते. गाडी बैलगाडीत घालून त्यांनी परस्पर गफूरभाईंकडे आणली, आणि घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली. ते आठ दिवस हे मला "टायर मिळत नाही" म्हणून सांगत होते.

मी म्हटलं, "आता एकच सांगा. दोन जोड इतके जवळ आले तर ही नळी टिकेल?"

गफूरभाईंनी नळीवरून बोट फिरवलं. "टांगा असता तर जोडला असता," अखेर ते म्हणाले. "पण साहेब तुंग-तिकोन्याकडचे उतार उतरतात. नको वहिनी. बदलाच."

रामभाऊंनी जिंकल्याचा चेहरा केला नाही, हे मला त्यांच्याविषयी आजही सांगावंसं वाटतं.

फ्रेमचा पत्ताही गफूरभाईंनीच दिला. सुदुंबऱ्यात एका खडीवाल्यानं याच जातीची गाडी टाकून दिली होती. इंजिन काढून पंपाला लावलं होतं, बाकीचा सांगाडा तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई रेल्वेनं तळेगावला उतरलो आणि तिथून बैलगाडी केली. सांगाडा सापडला. एका म्हातारीच्या परसात उभा होता आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवलेला होता.

"न्या की," म्हातारी म्हणाली. "पर आदी आमची म्हस बगा. दोन दीस झालं, खाईना."

"मावशी, डॉक्टर मी नाही. आमचे हे डॉक्टर आहेत."

"मंग त्यांच्या घरातच ऱ्हाता न्हवं? बगा की जरा."

मी गंभीर चेहऱ्यानं म्हशीभोवती एक फेरी मारली. म्हैसही गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिली. हे करतात तसं मी तिच्या कानाला हात लावला. पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. ह्यांना मी तिथपर्यंतच बघितलं होतं. शेवटी सासूबाई पुढं झाल्या. "ओवा आणि गूळ द्या. डॉक्टर स्वतः येऊन बघून जातील," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं वेल सोडवायला दोन तास घेतले, एकही दोडका पडू न देता.

गफूरभाई आणि रामभाऊ फ्रेम बदलायला बसले. मी शेजारी बसून प्रत्येक नटबोल्ट कुठला, कशाचा, हे विचारत होते. (त्यामुळे काम एका दिवसाचं दीड दिवसाचं झालं, असं रामभाऊ म्हणाले.) इंजिन गोणपाटावर, चाकं भिंतीला, जुनी फ्रेम मध्ये पडलेली, आणि हे एक दिवस आधीच दारात उभे राहिले.

मी तोंड उघडलं, पण ह्यांची नजर त्या पितळेच्या रेघेवर गेली होती. चेहरा पांढरा पडला.

"मला वाटतच होतं," हे हळूच म्हणाले. "कधीतरी ती तिथंच दगा देणार. उभ्या उभ्या तुटली का? तू जवळ नव्हतीस ना? मी तुला सांगायला हवं होतं." आणि चौघांसमोर ह्यांनी म्हशीची सगळी हकिकत सांगितली. तिला मलमपट्टीही स्वतःच केली होती म्हणे.

गफूरभाई हातोडी पुसू लागले. रामभाऊ आकाशाकडे बघू लागले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी ह्यांना मोठ्या मनानं माफ केलं. पुन्हा असं लपवत जाऊ नका, एवढंच म्हटलं.

आता हे छापून आलं की ह्यांना ते ऐकायचं असणार. बारीक अक्षर ह्यांना दिसत नाही, म्हणून घरात मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. मी कार्ल्याच्या म्हशीपासून सुरुवात करीन म्हणते.