खपली धरायचे दिवस

दुसऱ्याच्या दुखण्यात माझ्या नणंदेइतकं मनापासून रमणारं माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण तक्रारीला जो दम लागतो तो माझ्यात अजून पुरता आलेला नाही. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मला हार्ट अटॅक आला. वय त्रेपन्न. पोळ्या लाटता लाटता जबडा आणि डावा दंड दुखायला लागला, घामाने ब्लाउज भिजला आणि तासाभरात मी हॉस्पिटलात. डॉक्टरांनी बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून आत स्टेंट बसवला. पाचव्या दिवशी कोलशेतला आमच्या अकराव्या मजल्यावर परत आले, तर दारात दोन पिशव्या आणि एक छत्री घेऊन ताई उभ्या. "राहायला आलेय," एवढंच म्हणाल्या, आणि सहा आठवडे राहिल्या.

ताईंनी डोंबिवलीच्या एका शाळेत आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळली. परीक्षानळ्या धुतल्या, बेडूक मांडून दिले, पण वर्गात शिकवायला त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. त्यामुळे शिकवायचं सगळं आत साठून राहिलेलं, आणि मी तर आयतीच पलंगाला खिळलेली विद्यार्थिनी. रोज सकाळी पडदा सरकवून त्या माझ्या हृदयाची बातमी द्यायच्या. "आज सातवा दिवस. भरून येतंय. मेलेला स्नायू उचलून न्यायचं काम जोरात चाललंय, नव्या तंतूंचं जाळं अजून विणलेलं नाही. म्हणजे भिंत आत्ता सगळ्यात मऊ. शिंकायचं नाही." शिंक काय विचारून येते? पण मी तीन दिवस नाक दाबून काढले. भेटायला येणाऱ्यांची तर दारातच उलटतपासणी व्हायची. दिव्याहून माझ्या चुलत सासूबाई आल्या, आणि बसल्या बसल्या "आमच्या बिल्डिंगमधले एक असेच घरी आले होते, चांगले हसत बोलत होते, आणि..." म्हणेपर्यंत ताईंनी त्यांची पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली होती. "पुढचं मला लिफ्टमध्ये सांगा," असं म्हणून त्यांना खाली सोडूनही आल्या.

तिसऱ्या रविवारी तर कहर झाला. ज्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्या ताई मटणाच्या दुकानात रांगेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अख्खं हृदय द्या, कापू नका." दुकानदार म्हणाला, "मावशी, खिम्यात टाकून देऊ का? मस्त लागतं." "खायचं नाहीये, शिकवायचंय," ताई म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून त्यांनी ते माझ्या नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडने उभं चिरलं. "ही बघ डाव्या कप्प्याची भिंत, केवढी जाड! ह्यातला एवढासा तुकडा तुझा गेलाय," म्हणून करंगळीच्या पेराएवढी जागा दाखवली. नवरा उठून गॅलरीत गेला तो जेवायलाही आत आला नाही. मी मात्र बराच वेळ बघत बसले. इतके दिवस मनात नुसती भीती होती. तिला आज पहिल्यांदा आकार मिळाला, आणि तो एवढासा निघाला.

मग चालणं सुरू झालं. आधी फ्लॅटबाहेरच्या पॅसेजमध्ये, मग खाली खाडीकडच्या रस्त्याने. चालता चालता बोलता येतंय तोवर दम बेताचा आहे असं समजायचं, म्हणून ताई मला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायच्या. मी एकोणतीस सक्कंला अडकले की थांबून नाडी बघायच्या. "नाडी ठीक आहे. हा दोष तुझ्या शाळेचा." आजूबाजूला फिरायला आलेली माणसं वळून बघायची.

पण अटॅकनंतरच्या थकव्याबद्दल कुणी सांगत नाही. आंघोळ केली की मी ओल्या केसांनीच पलंगावर पडून राहायचे, टॉवेल उचलायचंही जिवावर यायचं. चौथ्या आठवड्यात अशीच पडले होते आणि ताई म्हणाल्या, "ऊठ, आज जाळं घट्ट व्हायला लागलं असणार." मी फाडकन म्हटलं, "ताई, पुरे. ते जाळं तुम्हीच ठेवा. मला पडू द्या. बरं व्हायचाही कंटाळा आलाय मला."

ताईंनी माझ्या उशाशी बसून टॉवेलने माझे केस पुसायला घेतले, आणि केसांकडे बघतच बोलल्या. "हे छातीत जळजळतंय म्हणाले तेव्हा मी ओव्याचं पाणी दिलं. दोनदा दिलं. दुसऱ्यांदा पेला परत दिला तेव्हा 'बरं वाटतंय' म्हणाले. हे सगळं मी वाचलं ना, ते नंतर. वेळ भरपूर मिळाला." त्यांचे यजमान हृदयविकाराने गेले हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. ओव्याच्या पाण्याचं मात्र आठ वर्षांत त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. थोड्या वेळाने मी उठले आणि चप्पल घातली.

सहा आठवड्यांनी इको काढला. डॉक्टर म्हणाले, "छान. खपली घट्ट धरलीय. आजूबाजूचा स्नायू नुसता बधिर झाला होता, तो परत कामाला लागलाय." मी विचारलं, "आणि मेलेला?" "तो परत येत नाही. खपली भिंत धरून ठेवते, ती आकुंचन पावत नाही. बाकीच्यांनी तिचं काम वाटून घ्यायचं." परतताना रिक्षात मी ताईंना म्हटलं, "तुम्हाला हे माहीत होतं. रोज सकाळी 'भरून येतंय' म्हणत होतात."

"खोटं कुठे बोलले? भरून आलंच की. फक्त कशाने, ते नाही सांगितलं." मग बाहेर बघत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर चालली असतीस?"

दुसऱ्या दिवशी त्या डोंबिवलीला गेल्या. घर इतकं शांत झालं की मला माझी धडधड ऐकू यायला लागली.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक जिन्यावर थांबत वर पोचले, तर ताई कठड्याला धरून वाट बघत होत्या. हात द्यायला खाली आल्या नाहीत, "दम खाऊन ये" एवढंच म्हणाल्या. आत गेल्यावर दिसलं, त्या वाळल्या होत्या. शिकवायला समोर कुणी नव्हतं. पाढाही कुणी चुकत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, बसा, चहा मी करते." माझा विश्वासच बसेना, त्या खरंच बसल्या.

दोन कप घेऊन बाहेर आले, तर मान कलती करून खुर्चीतच झोपल्या होत्या. झोपेत त्यांचा चेहरा फार दमलेला दिसत होता. त्यांचा चहा मी बशीने झाकला, पंखा एकावर आणला, आणि स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात नवऱ्याला फोन केला. म्हटलं, आज मी येत नाही.