हे घर विकणे नाही

दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळायला लागलं की किस्से आपोआप जमतात. माझ्याकडे तर आख्ख्या गल्लीच्या किल्ल्या आहेत. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाची लेक डॅलसला. म्हातारे एकेक करून मुलांकडे गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेले. एसटीतून रिटायर झालेला माणूस, याला काय उद्योग! लोकांना या किश्शांचं हसू येतं. मी मात्र आजही प्रत्येक कुलूप काढण्याआधी दोनदा मागं वळून बघतो.

*

समोरचे हमीदभाई सौदीला लेकाकडे गेले. रिकामं घर, कोणी ताबा मारला तर? म्हणून जाण्याआधी कंपाउंडवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहून घेतलं, ‘हे घर विकणे नाही’.

चार दिवसांत एक ब्रोकर माझ्या दारात. “काका, मालक बाहेरगावी हायेत ना?”

मी घाबरलो. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भिंतीनं! घरात राहणारा माणूस असं कशाला लिहील?”

दुसऱ्या दिवशी चुन्याचा डबा आणून मी स्वतः ती भिंत पांढरी केली.

*

मग मी युक्ती काढली. हमीदभाईंच्या अंगणात दोरी बांधून माझे दोन जुने शर्ट आणि एक टॉवेल वाळत घातला. घर कसं भरलेलं दिसायला लागलं!

एका दुपारी बघतो तर फाटक उघडं आणि खिडकीला डोळे लावून एक माणूस उभा! हातात पहार! मी फाटकाबाहेरूनच ओरडलो, “कोण आहे रे?”

तो माझ्यापेक्षा जास्त दचकला. पलीकडच्या बांधकामावरचा मिस्त्री होता.

“काका, महिना झाला, तेच कपडे वाळत्यात. कोणी काढंना. म्हणलं आत माणूस मेला का काय! दार फोडायलाच आलतो.”

*

गल्लीत दिवा लावणारे शेवटी दोघंच उरलो, मी आणि उत्तमराव. उत्तमराव मूळचे पिशोरचे, बँकेतून रिटायर. आमची ही गेल्यावर मला रोज सकाळी हाक मारून चहाला नेणारा हा एकच माणूस. त्यांच्या नितीननं मेक्सिकोत समुद्रकाठच्या गावात घर घेतलं आणि वडिलांना न्यायला आला.

निघताना उत्तमराव म्हणाले, “उन्हाळा संपला की येतो. तवर तुळशीला पाणी घाल.”

उत्तमराव रिक्षात बसले तसं नितीननं मागं राहून हळूच सांगितलं, “काका, चांगलं गिऱ्हाईक आलं तर कळवा.”

मी मान डोलावली. गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. मी प्रत्येकाला “भिंतीत ओल आहे,” असं सांगून वाटेला लावलं. ते घर विकलं गेलं तर उत्तमराव कशाला परत येतायत? आणि मग या गल्लीत मी एकटा! त्या भीतीनं माझी झोप उडाली होती.

*

तिकडून त्यांचा फोन यायचा. एकदा उचलला तर हॅलो न म्हणताच सुरू झाले.

“शेषराव, इथं समुद्राजवळची जमीन बाहेरच्या देशाच्या माणसाच्या नावावर होतच नाय! राहायचं आपण, कागद बँकेच्या नावानं. कायदाच हाय तसा.”

“मग नितीन निवांत कसा?”

“सगळे गोरे असंच राहत्यात म्हणतो! आणि ऐक, न्हाणीघरात घोरपड निघाली. ही एवढी! पाठीवर करवतीसारखे काटे. मी टॉवेलवरच बाहेर पळालो. शेजारची म्हातारी गोरी बाई म्हणाली, घाबरू नका, ती तुमच्या आधीपासून राहते.”

“मग?”

“मग काय! कागद बँकेचा, ताबा घोरपडीचा. आमचं काय?”

*

पावसाळ्यात तिकडे मोठं वादळ आलं. खिडक्यांना फळ्या ठोकून सगळं गाव समुद्रापासून लांबच्या शाळेत जाऊन बसलं, एवढं कळलं आणि फोन बंद! दोन दिवस मी उत्तमरावांच्या पायरीवर बसून होतो. नको नको ते मनात येत होतं. देवाला काय काय बोललो ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

पलीकडून उत्तमराव म्हणाले, “शेषराव, नळाला पाणी आलं का? आपला वार हाय आज. टाकी भरून घे!”

*

त्यानंतर नितीननं इथल्या घराच्या दारावर कॅमेरा बसवून घेतला. त्यात बोलायचीही सोय. आपली सकाळ, त्यांची संध्याकाळ. मी तुळशीला पाणी घालायला वाकलो की भिंतीतून आवाज, “बनियनवर आलास व्हय रे?” पहिल्यांदा तर तांब्याच हातातून पडला! पुढं सवय झाली. माझा चहा मी तिथंच नेऊन प्यायला लागलो.

परवा त्यांच्या अंगणातली टाकी भरून वाहिली होती. फरशीवर शेवाळ. पाय सटकला आणि मी कमरेवर आपटलो. उठायला जातो तर उजवा पाय हलेना. फोन घरी राहिलेला. हाका मारल्या, पण हाकेच्या टप्प्यात सगळी कुलपंच! मिस्त्रीचं कामही कधीच संपलेलं. मी इथंच मरणार आणि कुणाला कळणारही नाही, असं वाटून मी लहान पोरासारखा रडायला लागलो.

तेवढ्यात डोक्यावर कॅमेरा खरखरला.

“शेषराव! हालू नको! तसाच पडून राहा, मी आलोच!”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नितीन मागून “बाबा, अहो बाबा, कुठं चाललात?” म्हणून ओरडला. मग धाडकन दार आपटलं, आणि कॅमेऱ्यातून नुसता समुद्राचा आवाज येत राहिला.